सहा बिऱ्हाडांचे तळे

मित्रांनो, आधी बांधावर नीट बसा. पाय आत सोडू नका. खाली माझी मंडळी जेवायला बसली आहे. खडे मारण्याची सवय असेल, तर ती घरी ठेवून यावी. बसलात? मग ऐका. मी एक जुने शेततळे आहे. मला कुणी डबके म्हटलेले खपत नाही. डबके आपोआप साचते. मला माणसांनी विचार करून घडवले आहे, आणि घडवलेल्या गोष्टीला अब्रू असते.

माझा जन्म कुदळ-फावड्यांच्या आवाजात झाला. या घरातले मोठे मालक तेव्हा ऐन उमेदीत होते. त्यांनी माझ्यासाठी उताराच्या पायथ्याची जागा निवडली, घराच्या मागच्या दारातून दिसेल अशी. एका टोकाला गुडघाभर खोली, आणि तिथून हळूहळू उतरत दुसऱ्या टोकाला पुरुषभराहून अधिक. तळाशी चिकणमातीचा जाड थर अंथरून तो त्यांनी बैलांच्या पायांखाली तुडवून घेतला. शेजारचा शेतकरी बांधावरून ओरडला, "एवढं मळताय, ते तळं करायचंय की मडकं?"

"मडकंच," मालक म्हणाले. "फक्त जरा मोठं."

बोलले ते त्यांनी खरे केले. माझ्यातून पाणी झिरपते, अशी तक्रार आजवर कुणाच्या तोंडून मी ऐकलेली नाही.

पहिली काही वर्षे मी केवळ पिकांची तहान भागवली. ते काम प्रतिष्ठेचे होते, यात शंका नाही. पण एवढे मोठे घर आणि आत वावरायला बेडूक व पाणकिडे. त्यांना मी बिऱ्हाड मानत नाही. ते न विचारता येतात आणि न सांगता जातात.

मग एके दिवशी बीजवाला आला. माशांची बोटाएवढी पिल्ले, ज्यांना बोटुकली म्हणतात, ती हवा भरलेल्या पिशव्यांतून विकणारा हा मनुष्य. त्याचे तोंड माशांपेक्षाही जास्त वेळ उघडे असे. मालकांना सगळे कटलेच हवे होते, कारण बाजारात कटल्याचा रुबाब मोठा. बीजवाल्याने कपाळाला हात लावला.

"मालक, कटला राहणार पाण्याच्या वरच्या थरात. सगळे कटलेच सोडले, तर काय होईल सांगू? तीन मजली घर बांधायचं आणि अख्ख्या खानदानाला गच्चीवर झोपवायचं."

"मग खाली कोणाला झोपवू?"

"ते माझ्यावर सोडा. असे शेजारी देतो की जन्मात भांडणार नाहीत. ज्याचं ताट वेगळं, त्याचं भांडण कशावरून होणार?"

आणि मित्रांनो, त्या बडबड्या माणसाने शब्द पाळला. पिशव्या उघडण्याआधी त्याने त्या बराच वेळ माझ्या पाण्यावर तरंगत ठेवल्या, म्हणजे आतले पाणी आणि बाहेरचे पाणी यांची ऊब सारखी व्हावी. नव्या माणसाला घरात घ्यायचे ते असे, दमाने. मला ती रीत आवडली.

त्या दिवसापासून माझ्या घरी सहा बिऱ्हाडे आहेत. वरच्या मजल्यावर कटला, मोठ्या डोक्याचा आणि वर वळलेल्या तोंडाचा, जणू सतत कुणाची तरी वाट पाहतो आहे. तो पाण्यातले बारीक जीव गाळून खातो. त्याच्याच शेजारी चंदेऱ्या. त्याला पाण्यातला हिरवा कण लागतो, जो तुम्हाला दिसत नाही पण पाण्याला रंग देतो. मधल्या मजल्यावर रोहू, घरंदाज आणि शांत. तळमजल्यावर मृगळ, जो वरून सांडलेले सगळे वेचतो आणि कधी कुरकुरत नाही. गवत्या हा घरात कुठेही फिरतो. त्याला पाणगवत, पाला, बांधावरचे कापलेले गवत काहीही चालते. खातो भरपूर, पचवतो अर्धेच आणि उरलेले बाहेर टाकतो, पण त्याने टाकलेल्यावर बाकीच्यांची चूल पेटते. आणि सहावा सायप्रिनस, ज्याला या घरात सगळे चिखल्या म्हणतात. तो तळाच्या चिखलात तोंड खुपसून किडे शोधतो. खालचे वर करतो, पाणी ढवळतो, दिसायला गबाळा. पण त्याने चिखल उकरला नाही, तर खालचे सत्त्व वर येणार कसे? प्रत्येक घरात असा एक जण असावा लागतो. बहुधा त्यालाच बोलणी बसतात.

बीजवाल्याने जाताना मालकांना एक युक्ती शिकवली. "रोज सकाळी हात कोपरापर्यंत पाण्यात बुडवायचा. पंजा दिसेनासा झाला की समजायचं, पाण्यात जेवण आहे. पंजा दिसला की पाणी उपाशी. मग टोपलीभर कुजलेलं शेणखत टाकायचं. फार नाही, टोपलीभर."

मालक होते तोवर हात त्यांचा बुडत होता. त्यांच्यामागे तो थोरल्या सुनेचा बुडू लागला. ही मुलगी या घरात आली तेव्हा मला पाहून तिने नाक मुरडले नाही. सासऱ्यांच्या शेजारी बसून सगळे शिकून घेतले. सकाळी पेंड आणि कोंडा यांचे गोळे, संध्याकाळी गवत्यासाठी पेंढीभर गवत. वर्षातून एकदा मोठे ओढजाळे पडे, आणि मासे बाजारात जात. तुम्ही मुले आता डोळे मोठे करू नका. ज्याला त्याला आपापल्या वेळी उठावे लागते. माझ्या घरून कुणी उपाशी उठला नाही, एवढे मी मान वर करून सांगते.

आता आजीबाईंविषयी. मोठ्या मालकांच्या मागे घर चालवतात त्या आजीबाई. स्वच्छतेत त्यांचा हात धरणारे कुणी नाही. त्यांच्या अंगणात पाखरूसुद्धा पाय पुसून उतरत असावे. भांडी अशी घासतात की त्यात पाहून केस विंचरावेत. फावडे धुतात, खुरपे धुतात, एकदा तर झाडू धुताना मी त्यांना पाहिले आहे. कपडे धुण्याचे लाकडी धोपाटणे त्यांच्या हातातून सुटत नाही. घरदार सदा चकचकीत, म्हणून अवघी वस्ती त्यांना पाठीमागे 'चकचक आजी' म्हणते. पाठीमागेच. समोर म्हणण्याची छाती कुणाची नाही.

एका वर्षी घरात एक प्रश्न उभा राहिला, आणि तो प्रश्न मी होते. धाकट्या मुलाचे फरशांचे दुकान आहे. त्याला गोदाम हवे होते. एके दुपारी माझ्याच काठावर उभा राहून तो म्हणाला, "आई, हे तळं बुजवू. सपाट जागा होईल, वर पत्रे टाकले की झालं."

थोरली सून गवत कापत होती. ती विळा तसाच धरून उभी राहिली.

"आणि मासे?"

"वहिनी, माझ्या फरशांना रोज दाणापाणी लागत नाही."

"म्हणून त्या वाढतही नाहीत, भावजी."

आजीबाईंनी दोघांकडे पाहिले आणि निवाडा दिला. "भांडू नका. या हंगामाचं जाळं ओढू दे. मासे नीट निघाले तर तळं राहील. नाही निघाले तर गोदाम. मग मला कुणी काही बोलायचं नाही."

मित्रांनो, माझे आयुष्य एका जाळ्यावर आले ते असे. थोरल्या सुनेने त्या दिवसापासून माझी अधिकच काळजी घेतली. पण दैवाची मर्जी निराळी. तिच्या आईचा पाय मोडला आणि तिला माहेरी जावे लागले. जाताना तिने सासूबाईंना काठावर आणले, कोपरापर्यंत हात बुडवून दाखवला आणि पुन्हा पुन्हा सांगितले, "आई, पंजा दिसता कामा नये. दिसला तर टोपलीभर शेणखत. एवढंच करा."

"करते हो. जा तू, आईला सांभाळ," आजीबाई म्हणाल्या.

त्या खोटे बोलल्या नाहीत. त्यांनी दुसऱ्याच दिवशी हात बुडवला. पंजा दिसेना. बोटातली अंगठीही दिसेना. मी अभिमानाने उभे होते. आणि त्यांच्या चेहऱ्यावर असे भाव आले, जणू पाहुण्यांसमोर कुणी खरकटे ताट आणून ठेवले आहे.

"देवा रे," त्या पुटपुटल्या. "या पाण्यात माझ्या घरचे मासे राहतात?"

जिने जन्मभर हात दिसेना म्हणजे पाणी बदलायचे एवढेच जाणले, तिने दुसरे काय करायचे? त्यांना वाटले, सून लाजून उलटे बोलली असेल, किंवा तिला घाणीची सवय झाली असेल. त्यांनी शेणखताची टोपली काठावरून उचलून लांब नेऊन ठेवली. पेंडीचे गोळे निम्मे केले, कारण तळाशी खरकटे राहते. आणि मग त्यांची नजर चिखल्यावर पडली. तो बिचारा नेहमीप्रमाणे उथळ टोकाला चिखलात तोंड घालून होता, आणि त्याच्या पाठीमागे गढूळ पाण्याची लांबलचक रेघ.

"हाच तो," आजीबाई म्हणाल्या. "सगळ्या घाणीचं मूळ."

हातजाळ्याने त्यांनी धाकट्याकडून होते नव्हते तेवढे चिखल्ये पकडवले आणि गोठ्याजवळच्या सिमेंटच्या हौदात टाकले. तिथेही चिखल्यांनी आपला स्वभाव सोडला नाही. तळाशी साचलेली सगळी माती त्यांनी ढवळून काढली, आणि गुरे हौदात तोंड घालून मान फिरवू लागली.

इकडे माझे पाणी निवळत गेले. आधी हिरवे गेले, मग तांबूस गेले, आणि शेवटी मी काचेसारखे झाले. आजीबाईंनी हात बुडवला, तर अंगठीच काय, नखेसुद्धा दिसली. त्या दिवशी त्या शेजारणीला मुद्दाम घेऊन आल्या.

"बघ. तळ दिसतो की नाही?"

"अगंबाई, हे तर अगदी आरशासारखं झालंय."

स्तुती पुष्कळ झाली. पण मी आरसा नव्हते. मी स्वयंपाकघर होते, आणि माझ्या सगळ्या चुली विझल्या होत्या. वरच्या मजल्यावर चंदेऱ्या तोंड उघडी, तर आत नुसते पाणी येई. कटल्याचे डोके तेवढेच राहिले आणि अंग बारीक होऊ लागले, जणू आजोबांचे डोके नातवाच्या धडावर. मृगळाला वेचायला काही उरले नाही. तरीही कुणी कुणाच्या ताटात हात घातला नाही. माझी मंडळी संस्कारांची आहे.

आणखी एक गोष्ट झाली. पूर्वी दाट पाण्यामुळे ऊन माझ्या तळापर्यंत पोहोचत नसे. आता ते थेट खाली आले, आणि तळातून पाणगवत उठले. पहिल्यांदा गवत्या हरखला. त्याची दिवसरात्र मेजवानी चालली. पण खाणारे मोजके आणि वाढणारे अमाप. बघता बघता दोऱ्यांसारखे गवत वरपर्यंत आले आणि मासे त्यातून वाट काढू लागले. आजीबाईंचा आरसा केसाळ झाला. त्यांनी विळे घेऊन दोन माणसे पाण्यात उतरवली आणि सगळे गवत कापून टाकले. टाकले ते पाण्यातच. ते बुडाले आणि तळाशी कुजू लागले.

आणि नेमके तेव्हा आभाळ भरून आले. पाऊस नाही, वारा नाही, नुसते मळभ. दिवसचे दिवस उजेड नाही. मित्रांनो, पाण्यातही हवा लागते. ती थोडी वाऱ्याने येते, थोडी उजेडात हिरव्या कणांतून येते. माझ्याकडे वारा नव्हता, उजेड नव्हता, हिरवे कण आधीच हाकलले होते. आणि जी काही हवा शिल्लक होती, ती तळाचे कुजके गवत गिळत होते.

थोरली सून माहेरून परतली ती संध्याकाळी, अंधार पडल्यावर. दुसऱ्या दिवशी तांबडे फुटताच ती काठावर आली, तर आजीबाई आधीच तिथे उभ्या. पाण्याच्या वर शेकडो तोंडे आली होती, उघडमीट करत.

"ये, ये," आजीबाई कौतुकाने म्हणाल्या. "बघ कसे सगळे माझ्याकडे तोंड करून उभे आहेत. ओळखायला लागलेत मला."

सुनेने पाण्याकडे पाहिले. मग कोपरापर्यंत हात बुडवला, आणि तिचा आवाज एकदम खाली गेला.

"आई, ते ओळखत नाहीत. गुदमरताहेत."

आजीबाईंच्या चेहऱ्यावरचे हसू जिथल्या तिथे थांबले. पण त्या काही हातपाय गाळून बसणाऱ्यांतल्या नाहीत. "काय करायचं ते सांग," एवढेच त्या म्हणाल्या.

"पाणी हलवायचं. वरून पाडायचं, ढवळायचं, बदडायचं. जेवढा फेस होईल तेवढी हवा आत जाईल."

सुनेने धावत जाऊन विहिरीवरचा पंप सुरू केला आणि पाइप झाडाच्या फांदीवर चढवला, म्हणजे पाणी उंचावरून फुटत पडावे. आरडाओरडा ऐकून धाकटा डोळे चोळत आला. त्याने एकदा पाण्याकडे पाहिले, एकदा वहिनीकडे. क्षणभर मला वाटले, हा आता गोदामाचा विचार करणार. पण तो पाटलोण गुडघ्यापर्यंत दुमडून सरळ आत शिरला आणि घमेल्याने पाणी उपसून उडवू लागला.

आणि आजीबाई? त्या घराकडे गेल्या आणि आपले धोपाटणे घेऊन आल्या. ज्या माउलीने अंगावर कधी शिंतोडा उडू दिला नाही, ती धुवट पांढऱ्या कपड्यांनिशी माझ्या चिखलात उतरली. पोटऱ्यांपर्यंत गेली, मांड्यांपर्यंत गेली, आणि जन्मभर कपड्यांवर चालवलेले ते लाकूड तिने माझ्या पाण्यावर चालवायला सुरुवात केली. काय तो मार होता! हाताला सवय होती. ताल सुटत नव्हता. पांढराशुभ्र फेस उसळत होता आणि त्या स्वतःशीच बोलत होत्या, "घ्या रे, घ्या. श्वास घ्या."

"आई, दमशील तू," धाकटा म्हणाला.

"तू घमेलं चालव. गोदामवाल्यांनी मध्ये बोलू नये."

ऊन वर आले, मळभ थोडे फाटले, वारा सुटला. एकेक तोंड पाण्याखाली जाऊ लागले. काही कटले आणि चंदेरे गेले. वरच्या मजल्यावरचे लोक नाजूक असतात. बाकीचे सगळे वाचले. आजीबाई काठावर येऊन बसल्या, केसांत पाणगवत, कोपरांपर्यंत चिखल. सुनेने त्यांच्याकडे पाहिले आणि तोंड दुसरीकडे फिरवले, पण खांदे हलत होते.

"हस, हस," आजीबाई म्हणाल्या. "मग मात्र मला पहिल्यापासून सगळं समजावून सांग. पंजा दिसला तर वाईट, हे कसं ते."

सुनेने सांगितले. काठावर बसून, मजल्यामजल्याने, कोण कुठे राहतो आणि कोणाची चूल कोणावर पेटते. आजीबाईंनी मान हलवत ऐकले आणि शेवटी विचारले, "म्हणजे त्या चिखल्याला मी उगाच घराबाहेर काढलं?"

"हो."

त्या तडक उठल्या. हौदातले चिखल्ये बादल्यांतून परत आले, आणि गुरांनीही सुटकेचा निःश्वास टाकला. कुजके गवत दाताळ्याने ओढून बांधावर काढले. पाण्यात वारा खेळू लागल्यावर शेणखताची टोपली आली, थोडी थोडी. माझ्या चुली एकेक करून पेटल्या. आधी रंग आला, मग रंगाबरोबर चंदेऱ्या आणि कटल्याच्या अंगावर मांस आले. चिखल्या माझा तळ उकरू लागला, तेव्हा मला पाठ खाजवून घेतल्याचे सुख झाले.

मग जाळ्याचा दिवस उजाडला. आजीबाई खुर्ची टाकून काठावर बसल्या. निवाडा त्यांचा होता. ओढजाळे खोल टोकाकडून निघाले. एका दोरीला सून, दुसऱ्या दोरीला धाकटा, मागे चार मासेमार. निम्म्यात येईपर्यंत धाकट्याचे पाय घसरू लागले.

"जाळं अडकलंय कुठं तरी," तो धापा टाकत म्हणाला.

"अडकलेलं नाही," मागचा मासेमार म्हणाला. "भरलंय."

उथळ टोकाला जाळे आले आणि पाणी उकळल्यासारखे झाले. कटल्यांची डोकी आणि त्यांना शोभतील अशी अंगे, चंदेऱ्यांचा लखलखाट, तांबूस खवल्यांचे रोहू, लांबट मृगळ, हिरवट पाठीचे गवते, आणि सर्वांत खाली, जाळ्यालाही चिखल लावत, चिखल्ये. सहाच्या सहा बिऱ्हाडे. एका कटल्याने शेपटी मारली आणि धाकटा बसकण मारून चिखलात पडला. पडल्या पडल्याच त्याने जाळ्यावर नजर फिरवली.

"वहिनी, माझं गोदाम रस्त्याच्या पलीकडे बरं. इथं फरशा ओल्या होतील."

"आता सुचलं का?" सून म्हणाली, आणि तिने त्याला हात दिला.

आजीबाई उठल्या. त्यांनी खुर्ची उचलली, ती पुसली आणि घरी गेल्या. निवाडा झाला होता.

त्याला बरीच वर्षे लोटली. आता माझे बांध रुंदावले आहेत, काठावर सावली आहे, आणि पोटात सहा बिऱ्हाडे सुखाने नांदत आहेत. मी समाधानी आहे. तुमच्याकडून माझी अपेक्षा फार नाही, पण जी आहे ती ऐका. एखाद्या तळ्याचे पाणी हिरवट दिसले, म्हणून लगेच नाक दाबू नका; आधी विचारा, की या पाण्यावर कोण कोण जेवते. त्यात प्लास्टिक, साबण, औषधांच्या बाटल्या टाकू नका. ती खरी घाण. आणि तुमच्या घरात कुणी चिखल्या असेल, जो सदा खालच्या कामात तोंड खुपसून असतो आणि ज्याच्यामुळे तुमचा आरसा खराब होतो, तर त्याला हौदात टाकण्यापूर्वी जरा थांबा.

आजीबाई आता काठी टेकत येतात. तरी रोज सकाळी वाकतात आणि हात कोपरापर्यंत माझ्या पाण्यात बुडवतात. आजही बुडवला. मनगट दिसले, त्याखाली काही दिसले नाही. अंगठी तर मुळीच नाही. त्यांनी हात बाहेर काढला, पदराला पुसला नाही, तसाच ओला ठेवला आणि सुनेला हाक मारून सांगितले, "आज तळं अगदी स्वच्छ आहे गं."